नाक बदलण्यापूर्वी

"मुलगी छान आहे हो, नाक तेवढं जरा बसकं आहे." कांदेपोहे खाऊन गेलेल्या पाहुण्यांचा असा निरोप आला की घरातले गप्प होतात आणि मुलीचा आरशासमोरचा वेळ वाढतो. मग एखादी मावशी सुचवते, "हल्ली ऑपरेशन करून नाक नीट करतात म्हणे. साखरपुड्याआधी उरकून टाका!"

पण हे उरकून टाकण्यासारखं काम नाही.

नाक घडवण्याची विद्या आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेत तिचं वर्णन आहे. टिपूच्या लढाईत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ कपाळाच्या कातडीपासून नवं नाक मिळालं. ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि पुढे १८१४ मध्ये तिथल्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने तीच पद्धत वापरली. मात्र कावसजीला नाकच उरलं नव्हतं. तुमच्या मुलीला ते आहे आणि ती त्यातून नीट श्वास घेते आहे. तो श्वास शाबूत राहणं ही या शस्त्रक्रियेची पहिली अट.

म्हणून चांगला डॉक्टर आधी नाकाच्या आत डोकावतो. मधला पडदा वाकडा असेल तर तोही त्याच वेळी सरळ करता येतो. नाक कापून लहान करायचं, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे पुष्कळदा उलटं असतं. बसकं नाक उंच करायला कूर्चा घालावी लागते. ती नाकाच्या पडद्यातून, कानामागून किंवा बरगडीतून घेतात. संगणकावर दाखवलेलं नवं नाक हा अंदाज असतो, हमी नव्हे. मोबाइलवर जवळून काढलेल्या फोटोवर तर मुळीच जाऊ नका. हातभर अंतरावरून नाक असतं त्यापेक्षा बरंच रुंद दिसतं.

मुलींच्या नाकाची वाढ साधारण १५-१६ व्या वर्षी पुरी होते, मुलांची थोडी उशिरा. त्याआधी घाई नको.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि दोन-तीन तास चालते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. खरी परीक्षा पहिल्या आठवड्याची. नाकावर पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं, आणि नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास! वेदनेपेक्षा या घुसमटीचाच वैताग जास्त. उशा उंच घेऊन झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं. पट्टी आठवड्याभरात निघते. चष्म्याचा भार मात्र महिना-दीड महिना नाकावर नको. चमकी पुन्हा कधी घालायची, तेही डॉक्टरांनाच विचारा.

पट्टी निघाल्यावर दिसतं ते सुजलेलं नाक, आणि पुष्कळजणी तिथेच रडू लागतात. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याची सूज पुरती जायला वर्ष लागतं. कातडी जाड असेल तर त्याहून जास्त. शेंडा काही महिने बधिरही राहतो. तेव्हा महिन्यावर लग्न आलेलं असताना ही शस्त्रक्रिया करणं म्हणजे सुजलेल्या नाकाने अंतरपाटामागे उभं राहणं.

कधी रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग होतो, नाक एका बाजूला झुकतं, श्वास अडतो. काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. तेही सहसा वर्षभर थांबून, आणि दुसरी खेप पहिलीपेक्षा अवघड असते. सुईने फिलर भरून घेण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण औषध रक्तवाहिनीत शिरलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. ब्यूटी पार्लरमध्ये तर हे कधीच नको.

डॉक्टरांची प्लॅस्टिक सर्जरीची किंवा कान-नाक-घशाची पदवी, त्यांनी केलेल्या नाकांचे फोटो आणि भूलतज्ज्ञासह एकूण खर्च आधी विचारा. निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा सहसा पैसे देत नाही.

वर्षानुवर्षं मनात सलणारं नाक बदलून मोकळ्या झालेल्या मुलीही आहेत. त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. फक्त पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आईवडिलांना दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं, तर रागावू नका. त्यांना मुलीला एकटीला विचारायचं असतं, "पाहुणे काही बोलले नसते, तरी तू आली असतीस का?"