उभं राहण्याचा पुरावा खुब्यात : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बदलापूर किंवा अंबरनाथला सकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली नाही, तर मुंबईपर्यंत तासाभराहून अधिक वेळ उभं राहावं लागतं. पाय दुखतात, पण खुब्याभोवतीचे स्नायू सतत आवळून धरावे लागत नाहीत. ताठ उभं राहिलं की खुब्याच्या पुढचा अस्थिबंध ताणला जातो आणि धड मागे कलंडू देत नाही. उलट्या ‘वाय’ अक्षरासारखा हा पट्टा शरीरातला सर्वांत बळकट अस्थिबंध आहे. ही सोय माणसाच्या पूर्वजांकडे केव्हापासून होती, याचा शोध जीवाश्मांतून घेतला जातो. त्याबद्दलचे काही गैरसमज तपासू.

गैरसमज : अस्थिबंध कुजून जातात, मग जीवाश्मांतून त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही.

वस्तुस्थिती : अस्थिबंध उरत नाही, पण तो जिथे चिकटलेला असतो तिथे हाडावर खूण राहू शकते. कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला हाडाचं टोक लागतं. त्याच्या खाली, खोलवर, कटिराच्या हाडाला आणखी एक उंचवटा असतो. हा अस्थिबंध तिथून निघतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, पुढच्या बाजूच्या तिरप्या खरबरीत रेषेवर जोडला जातो. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर एक छोटा खळगाही दिसतो. तो सांध्याच्या आतल्या दुसऱ्या अस्थिबंधाची जागा दाखवतो.

गैरसमज : ती रेषा दिसली की दोन पायांवर चालणं सिद्ध, नाही दिसली की रद्द.

वस्तुस्थिती : ही रेषा आजच्या माणसांतही कुणात ठळक असते, तर कुणात पुसट. प्राचीन हाडांतही ती सारखी आढळत नाही. त्यामुळे एका खुणेवर निकाल देता येत नाही. कटिराचा आकार, गुडघ्याकडे मांडीच्या हाडाचा कल, पावलाची रचना हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

गैरसमज : आधी मेंदू मोठा झाला, मग माणूस ताठ उभा राहिला.

वस्तुस्थिती : क्रम उलटा आहे. १९७४ मध्ये इथिओपियातल्या हदार इथे डोनाल्ड जोहान्सन यांना ‘ल्युसी’ सापडली. ती सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिच्या जातीचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूपेक्षा फारसा मोठा नव्हता, पण कटिराची पाती चिंपांझीसारखी उंच आणि अरुंद नसून आखूड, रुंद आणि बाजूला वळलेली आहेत. अशा रचनेत खुब्याच्या बाजूचे स्नायू एका पायावर भार असतानाही कंबर सरळ धरतात. अस्थिबंधाचा तो उंचवटाही तिच्यात स्पष्ट आहे.

गैरसमज : निअँडरथल माणूस गुडघे वाकवून, पोक काढून चालायचा.

वस्तुस्थिती : हे चित्र मुख्यतः एकाच सांगाड्यावरून रंगवलं गेलं. १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-साँ इथे सापडलेल्या पुरुषाचा अभ्यास मार्सेलिन बूल यांनी केला. १९५७ मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह यांनी तोच सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हा त्याला सांध्यांचा गंभीर आजार असल्याचं दिसलं. २०१९ मध्ये कटिर आणि मणक्यांची संगणकावर नव्याने जुळणी झाली. त्यातून दिसलं की त्याच्या कण्याला आपल्यासारखाच बाक होता आणि तो ताठ उभा राहायचा. एका आजारी म्हाताऱ्यावरून अख्ख्या निअँडरथल जातीला वाकलेलं ठरवणं हा मोठा अन्याय होता.

गैरसमज : मलंगगडासारख्या आपल्या जुन्या डोंगरांत आदिमानवाची हाडं असणारच.

वस्तुस्थिती : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आसपासचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. माणसाची वंशशाखा वेगळी झाली ती फार तर गेल्या एक कोटी वर्षांत. त्यामुळे त्या दगडात मानवी जीवाश्म असूच शकत नाहीत. ते मिळतात नदीच्या जुन्या गाळात किंवा गुहांमध्ये. १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवी कवटी सापडली तीही मध्य प्रदेशात, नर्मदेकाठच्या हथनोरा इथल्या गाळात.

म्हणून उल्हास नदीच्या काठावर एखादं जुनं हाड दिसलं, तर ते उचलू नका. आहे तिथेच त्याचं छायाचित्र काढा आणि पोलिसांना व पुरातत्त्व विभागाला कळवा. हाडावरची खूण नंतरही वाचता येते, पण ते कोणत्या थरात होतं ही माहिती एकदा हरवली की त्याचं वय ठरवणं फार कठीण होतं.