खेळ आणि कथा

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून आम्ही एक इंग्रजी ध्वनिपुस्तक ऐकले. राक्षस, चेटूक, भुयारे आणि पाच साहसी वीर यांची ती अद्भुतकथा एका खेळावरून रचलेली होती. मोठ्या उत्सुकतेने ऐकावयास बसलो. परंतु अखेरीस पदरी निराशाच आली. मुलांना तसे सांगणे जिवावर आले खरे. पण खोटी वाहवा करणे शिक्षकास शोभत नाही. निदान निराशेचे कारण तरी शोधावे, असे आम्ही ठरविले.

अशा कथांचे मूळ बहुधा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात सापडते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णितो. इतर खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन 'मी दार उघडतो', 'मी तलवार उपसतो' असे सांगतात. बेत साधला की फसला, हे वीस बाजूंच्या फाशावरून ठरते. पुढे १९८४ साली या खेळाच्या एका साहसमालिकेच्या जोडीने मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांची 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' ही कादंबरी निघाली. तशा कादंबऱ्या नंतर पुष्कळ झाल्या.

खेळताना फासा हातातून सुटला की काळजाचा ठोका चुकतो. कारण संकटात सापडलेले पात्र आपले असते. कथेत ही आपुलकी लेखकाने निर्माण करावी लागते. आम्ही ऐकलेल्या पुस्तकात लढाईमागून लढाई होती. कोणास किती इजा झाली, कोणाचे किती मंत्र उरले, यांच्या याद्या होत्या. छापील पानावरची यादी डोळा ओलांडून जातो. कानास ती सोय नाही. एक वीर मेला, तरी त्याची घरी वाट पाहणारे कोणी होते की नाही, हे आम्हांस कळले नव्हते.

महाभारतातील द्यूतप्रसंग आठवा. तोही फाशांचाच खेळ. परंतु दर वेळी कोणते दान पडले, हे व्यास सांगत बसत नाहीत. युधिष्ठिराने धन, राज्य, भाऊ, स्वतःस आणि शेवटी द्रौपदीस पणास लावले, हे ते सांगतात. म्हणूनच शेवट ठाऊक असूनही कीर्तनात हा प्रसंग आला की श्रोते श्वास रोखून बसतात.

शाळा उघडल्यावर हे सारे आम्ही मुलांना सांगितले. वर्ग क्षणभर गप्प झाला. मग एक मुलगा म्हणाला, "सर, पुस्तक राहू द्या. तुम्ही एकदा आमच्याबरोबर खेळा."

आम्ही खेळलो. तासाभरातच आमचे पात्र भुयारात मरण पावले आणि आम्हांस खरोखर वाईट वाटले!

त्या खेळाची कथा लिहावयाचे काम आता त्याच मुलांकडे दिले आहे. अट एवढीच, की फाशावरचे आकडे लिहावयाचे नाहीत. पणास काय लागले होते, ते लिहावयाचे.