मोतीबिंदू आणि भिंगाची निवड

धान्याचा व्यापारी मालाची परीक्षा तळहातावर करतो. बेळगावच्या पेठेत चाळीस वर्षे वानगी पाहून भाव बोलण्यात आमची सहसा चूक झाली नव्हती. परंतु दोन वर्षांपूर्वी तुरीतील कीड आमच्या दृष्टीस पडली नाही आणि साठ पोती अंगावर पडली. आमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता.

प्रथम ज्या रुग्णालयात गेलो, तेथे नेत्रवैद्यांची गाठ पडण्यापूर्वीच एका तरुणाने भिंगांचे दरपत्रक पुढे ठेवले. साधे, मध्यम, उत्तम, अत्युत्तम; जणू बासमतीच्या प्रती लावल्या होत्या! महाग ते चांगले, हा हिशेब आम्हांसही पटला होता. चिरंजीवांनी हट्टाने दुसऱ्या नेत्रवैद्यांकडे नेले. त्यांचा पहिलाच प्रश्न असा : "अण्णा, दिवसभर तुम्ही किती अंतरावर पाहता?"

डोळ्यातील नैसर्गिक भिंग तरुणपणी जवळ-दूर आपोआप जुळवून घेते; कृत्रिम भिंगास ते साधत नाही. एककेंद्री भिंग एकाच अंतरावर स्वच्छ दाखविते. बहुधा ते दूरच्या दृष्टीसाठी बसवितात व वाचनास चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंग येणारा प्रकाश जवळ व दूर असा वाटून देते. चष्मा बराच सुटतो, पण वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्यास कमी येणारच. काळ्या-पांढऱ्यातील भेद थोडा मंदावतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. आमच्या व्याह्यांनी तेच बसविले आहे. वर्तमानपत्र चष्म्याविना वाचतात, मात्र रात्री मोटार हाकणे त्यांनी सोडले. बुबुळाच्या वक्रतेत दोष असल्यास टॉरिक भिंग उपयोगी; ते नेमक्या कोनात बसावे लागते, दहा अंश फिरले तरी सुमारे एक-तृतीयांश गुण जातो.

लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली असे पहिले भिंग बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या काचेचे अ‍ॅक्रिलिक तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. ते भिंग ताठ होते. आजचे घडीचे भिंग दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाते. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून देशातच भिंगे तयार करून ती गरिबांच्या आवाक्यात आणली.

आम्हांस मधुमेह असून दृष्टिपटलावर त्याच्या खुणा आढळल्या. अशा डोळ्यास प्रकाशाची वाटणी परवडत नाही, म्हणून वैद्यांनी घडीचे एककेंद्री भिंगच सुचविले. उजव्या डोळ्यास ते बसविले. पट्टी निघताच दुकानाच्या भिंती किती मळल्या आहेत ते कळले! वानगी पाहताना चष्मा लावावा लागतो, त्याची आम्हांस लाज नाही.

डाव्या डोळ्याचे भिंग जवळच्या अंतरासाठी घ्यावे, म्हणजे चष्मा क्वचितच लागेल, असे वैद्य म्हणतात. दोन डोळ्यांतील हा फरक सर्वांनाच मानवत नाही. यास्तव आधी त्या डोळ्यास तशी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस दुकानात बसून पाहावयाचे ठरले आहे.