दक्खनची राणी आणि बिनरुळांचा मुलूख

ज्या नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून वाटाडे आजही दाखवितात, आणि ज्या वाटेने सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांचा माल जुन्नरच्या पेठेत उतरत असे, त्या घाटाच्या धन्यास आगगाडीच्या जमान्यात रुळाचा एक तुकडाही लाभू नये, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या आरंभीच्या विचारात माळशेज घाटही होता. परंतु अखेर लोहमार्ग चढला तो उत्तरेस थळघाटाने आणि दक्षिणेस बोरघाटाने, आणि मधले जुन्नर व आंबेगाव कोरडे राहिले. अलीकडे पुणे-नाशिक मार्गाची तजवीज झाली, तर खोडदच्या रेडिओ दुर्बिणींना उपद्रव नको म्हणून तिचीही आखणी फिरली. तेव्हा येथल्या मनुष्याने आपली म्हणावी अशी गाडी पुण्याच्या फलाटावरच शोधावी.

तेथे १ जून १९३० पासून डेक्कन क्वीन उभी आहे. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या, एक रुपेरी, तांबड्या पट्ट्यांची, दुसरी निळी, सोनेरी रेघांची. खालचे सांगाडे विलायतेहून आलेले, वरची घडण मात्र माटुंग्याच्या कारखान्यातली. घाट आदल्याच वर्षी विजेवर आला असल्याने राणीच्या अंगावर कोळशाची काजळी बसली नाही. मुंबईहून परतताना बोरघाटातला सदतीस फुटांस एक फूट असा चढ चढण्यासाठी कर्जतला मागे जादा इंजिने जोडीत आणि माथ्यावर ती सोडून देत.

परंतु ही राणी होती कोणाची? प्रारंभी ती घोड्यांच्या शर्यतींच्या शौकिनांना शनिवार-रविवारी ने-आण करी. पहिला आणि दुसरा, असे दोनच वर्ग तिला होते. त्याच काळी जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातले गडी मुंबईत डोक्यावर पेटारे घेऊन साहेबांच्या व कारकुनांच्या जेवणाचे डबे बिनचूक पोहोचवीत होते. त्यांना स्वतःला गावी जाण्यासाठी या गाडीत जागा नव्हती. तिसरा वर्ग जोडला गेला १९५५ च्या जूनमध्ये. माझ्या मते गाडीचा खरा जन्म तोच. आधीची पंचवीस वर्षे केवळ शोभेची. पुढे १९६६ मध्ये पेरांबूरचे पोलादी डबे आले, अलीकडे नव्या बांधणीचेही. पासधारकांनी दरवर्षी तिचा वाढदिवस साजरा करावा आणि भोजनयानातल्या ऑम्लेटवरून आपापसांत वाद घालावा, इतकी ती आता घरची झाली आहे.

योगायोग असा की, राज्य परिवहनाची पहिली बसही १ जूनलाच, १९४८ साली, पुण्याहून नगरकडे निघाली. आणि जुन्नर-आंबेगावची खरी आगगाडी म्हणजे अद्याप ती लाल गाडीच. राणी पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते. ती गाठावयाची असेल, तर जुन्नरकराने आदल्या रात्रीच पुण्यास मुक्कामाला यावे.