शास्त्राने कसाऱ्यास उतरावे

शास्त्रीय संशोधन म्हटले म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा, दुर्बिणी आणि परदेशांतील विद्यापीठे उभी राहतात. त्या संशोधनाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या देशातील बहुसंख्य प्रजा खेड्यापाड्यांतून राहते, त्या देशात शास्त्राची एक निराळी व अधिक कठीण कसोटीही असली पाहिजे. तालुक्यातील विहीर फाल्गुनातच का आटते, सर्पदंशाचा रोगी दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी का दगावतो, आणि सरकारने मंजूर केलेली नळयोजना थोड्याच वर्षांत बंद का पडते, या प्रश्नांना जे शास्त्र भिडते, त्यास आम्ही लोकोपयोगी शास्त्र म्हणतो. पहिला प्रश्न भूजलाचा, दुसरा आरोग्याचा, तिसरा स्थापत्याचा व राज्यकारभाराचा. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, विशेषतः कसाऱ्याच्या आसपासच्या डोंगराळ टापूत, हे सर्व प्रश्न एकाच पाड्यावर एकत्र नांदताना दिसतात. म्हणून आज कसाऱ्याचे उदाहरण वाचकांपुढे ठेवीत आहो.

शास्त्र कसाऱ्यास अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. थळ घाटातून रेल्वे नेण्याचे काम ज्या काळी झाले, त्या काळी ते जगातील अवघड कामांत गणले जात होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी घाटाची पाहणी करवून आखणी सिद्ध केली. 1862 साली त्यांचे निधन झाले, आणि 1865 साली कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत गाड्या धावू लागल्या. अवघ्या सव्वानऊ मैलांच्या अंतरात हा मार्ग 972 फूट चढतो. काही ठिकाणी चढ इतका तीव्र आहे की, 37 फूट पुढे जावे तेव्हा एक फूट उंची गाठली जाते. जड गाड्यांस मागून रेटा देण्यासाठी आजही कसाऱ्यास जादा इंजिने जोडावी लागतात. दरी किती खोल, कडा किती पक्का, पावसाचा लोंढा कोठून येतो, हे सर्व आधी मोजले व मग सुरुंग लावला, म्हणूनच तो मार्ग दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला आहे. मात्र त्या साऱ्या बुद्धिवैभवाचा हेतू कसारा ओलांडण्याचा होता. गाडी घाट चढून गेली. घाटाच्या पायथ्याचा पाडा जेथल्या तेथे राहिला.

पाण्याची गोष्टही याच वळणाची आहे. मुंबई शहराची तहान भागविण्यासाठी 1892 साली तानसा धरण पुरे झाले. 1957 साली वैतरणेवर धरण बांधून त्यास अभियंता मोडक यांचे नाव देण्यात आले. पुढे भातसा धरण झाले, आणि मुंबईच्या नित्याच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी आज एकट्या भातसेतून जाते. हे सर्व जलवैभव शहापूरच्या परिसरातील. त्याच तालुक्यात चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत ठाकूर, कातकरी व महादेव कोळी समाजाच्या स्त्रिया हंडे घेऊन विहिरीच्या काठावर बसलेल्या असतात. टँकर आला की तो विहिरीत रिता करावयाचा आणि त्या गढूळ झालेल्या पाण्यासाठी रहाट-दोरीची झोंबाझोंबी व्हावयाची, हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. मुंबईकरांस पाणी मिळू नये असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, शेकडो फूट उंचीचे डोंगर व मैलोगणती अंतर ओलांडून शहरास पाणी पोचविण्याचे ज्ञान ज्या समाजापाशी आहे, त्या समाजास धरणाच्या काठावरील पाड्याचा प्रश्न सोडविता का येऊ नये?

येथे पुष्कळजण म्हणतात की, पाऊसच लहरी, त्यास मनुष्य काय करणार? हे कारण शहापुरास लागू पडत नाही. येथे वर्षास शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. भूजलशास्त्र याचा उलगडा फार स्पष्टपणे करते. हा सारा प्रदेश काळ्या कातळाचा आहे. कातळावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र, आणि खडकाच्या पोटात पाणी साठवून धरावयास भेगा व झिजलेल्या थरांखेरीज जागा नाही. त्यामुळे पडलेल्या पावसापैकी बराच भाग ओढ्या-नाल्यांवाटे समुद्राकडे जातो. जो थोडा मुरतो, तोही उताराच्या ओढीने खालच्या अंगास झिरपत राहतो व विहिरीत टिकत नाही. पौषात काठोकाठ दिसणारी विहीर होळीस कोरडी पडते, ती यामुळे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, नुसत्या विहिरी खोल करीत जाणे म्हणजे तळ नसलेल्या कणगीत धान्य ओतणे होय. कोणत्या जागी बांध घातला असता पाणी अडेल, कोणत्या विहिरीस खालच्या खडकाचा आधार आहे आणि कोठे विहिरीचा नाद सोडून दुरून नळ आणावा लागेल, हे जागोजाग पाहूनच ठरवावे लागते.

दुरून नळ आणण्यातही शास्त्र आहे. भातसेचे पाणी पाड्याच्या दृष्टीस पडते खरे, परंतु पुष्कळ पाडे जलाशयाच्या पातळीच्या वर वसलेले आहेत. तेथे पाणी पंपाने चढवावे लागते. पंपास वीज लागते. विजेचे बिल ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडते. मोलमजुरीवर जगणाऱ्या वस्तीकडून पाणीपट्टी नियमित वसूल होत नाही, बिल थकते, जोडणी तुटते आणि लाखो रुपयांची योजना गंजत पडते. अशा योजनांच्या अपयशाचे खापर गावकऱ्यांच्या आळसावर फोडण्याची चाल आमच्याकडे पडली आहे. ज्यांनी या योजनांचा कागदोपत्री व प्रत्यक्ष अभ्यास केला, त्यांस मात्र दोष बहुधा आखणीतच आढळतो.

म्हणूनच भावलीच्या योजनेकडे आम्ही मोठ्या उत्सुकतेने पाहतो. भावली धरण इगतपुरी तालुक्यात, म्हणजे घाटाच्या माथ्यावर आहे. तेथील पाणी शहापूर तालुक्यातील 97 गावे व 259 पाड्यांस नळाने, बहुतांशी उताराच्याच बळावर द्यावे, अशी ही आखणी आहे. ज्या चढाने आगगाडीस जादा इंजिने जोडावयास लावली, तोच चढ उतरताना पाण्यास इंजिन लागत नाही! परंतु उताराचे पाणी म्हणजे फुकटचे पाणी असे समजून चालणार नाही. इतक्या उंचीवरून उतरणाऱ्या पाण्याचा दाब नळ फोडू शकतो. तो मोडण्यासाठी वाटेत टाक्या बांधाव्या लागतात. नळ रुंद घ्यावा तर खर्च वाढतो, अरुंद घ्यावा तर घर्षणात दाब खर्ची पडून शेवटच्या पाड्यास थेंबही पोचत नाही. त्यातून पाणी नाशिक जिल्ह्यातले आणि गरज ठाणे जिल्ह्याची, तेव्हा दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्यांचा मेळ घालणे हाही स्थापत्याइतकाच नाजूक भाग होय.

नळांच्या रुंदीचा हा हिशेब करण्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ओम दामाणी, निखिल हुडा व त्यांचे सहकारी यांनी ‘जलतंत्र’ नावाची संगणक प्रणाली तयार केली. कोणत्या गावाची उंची किती, गरज किती, नळाच्या कोणत्या जातीस काय दर, ही माहिती दिली असता कमीत कमी खर्चात सर्वांस पाणी पोचेल अशी मांडणी ती काढून देते, व ती कोणासही विनामूल्य वापरता येते. याच संस्थेत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र 1985 पासून आहे. तेथील विद्यार्थी खेड्यांत मुक्काम करून विहिरी मोजतात, बंद पडलेल्या योजनांची चिकित्सा करतात. विद्येची ही दिशा आम्हांस फार हितकर वाटते. संस्थेच्या पवई येथील आवारापासून कसारा काही परमुलखात नाही. उपनगरी गाडीने काही तासांचीच वाट आहे.

आरोग्याच्या क्षेत्रातही हाच धडा मिळतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. महाड तालुक्यातील बिरवाडी येथे सरकारी दवाखान्यात नेमणुकीस असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपून ठेविली. त्यांची निरीक्षणे 1982 साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध वेळेवर दिल्यास प्राण वाचतात असे त्यांनी दाखवून दिले. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांपैकी तीस-चाळीस मरत, तेथे हे प्रमाण एक-दोनांवर आले. या शोधास राजवाडा लागला नाही, की अवाढव्य यंत्र लागले नाही. रोगी जेथे होता तेथे चिकित्सक बुद्धी होती, एवढेच घडले.

सर्पदंशाचे संकट याहून मोठे आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, व त्यांतील बहुतेक खेड्यांतली होती. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावरील लस आपल्या देशातच तयार होते; तरीही भाताच्या खाचरात काम करणारा मजूर मरतो, कारण तो आधी मांत्रिकाकडे जातो, किंवा दवाखान्यात पोचला तरी लस देण्याचे धैर्य व शिक्षण तेथील वैद्यापाशी नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने वैद्यकीय अधिकाऱ्यांस शिकविणे व लोकांत जागृती करणे यासाठी जो प्रकल्प हाती घेतला, त्यासाठी निवडलेल्या भागांत शहापूर तालुका आहे. येथे नवी लस शोधावयाची नसून असलेली लस वेळेवर रोग्याच्या शिरेत कशी पोचेल, याचे संशोधन आहे. आमच्या मते ते कमी प्रतीचे मुळीच नव्हे.

आता राज्यकारभाराकडे वळू. 2016 साली महाराष्ट्र सरकारने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले. जिल्ह्याजिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपापल्या भागातील पाणी, वीज, वाहतूक यांसारख्या प्रश्नांचा अभ्यास करावा व त्याचा उपयोग सरकारी खात्यांनी करून घ्यावा, हा त्यामागील हेतू. हेतू स्तुत्य आहे. परंतु विद्यार्थ्याने केलेला अहवाल परीक्षकाने तपासला, गुण दिले आणि बांधून कपाटात ठेविला, तर त्या पाड्यावरील स्त्रीच्या डोक्यावरचा हंडा तसूभरही हलका होत नाही. आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. संशोधनास प्रश्न विचारणारा जसा लागतो, तसा उत्तर पदरात घेणारा धनीही लागतो. तालुक्याच्या कचेरीत असा अहवाल वाचणे, त्यावर लेखी मत देणे व जे मान्य त्याची अंमलबजावणी करणे हे कोणा एका अधिकाऱ्याचे नेमून दिलेले काम असले पाहिजे; आणि अहवाल मराठीत, ग्रामसभेपुढे वाचून दाखविला गेला पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो, व तो अगदीच पोकळ नाही. लोक आज तहानलेले असताना अभ्यासात वेळ कसला दवडता, असे कार्यकर्ते म्हणतात. तहानेल्यास आज टँकर दिलाच पाहिजे. परंतु दरसाल त्याच गावांस, त्याच महिन्यांत, त्याच रस्त्याने टँकर जात असेल, तर त्यास आणीबाणी कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? ज्या खर्चाची तिथी आधीच ठाऊक आहे, तो खर्च टाळण्याचा विचार न करणे यासच उधळपट्टी म्हणतात. अभ्यासात एक हंगाम जाईल. अभ्यासावाचून पुरी पिढी गेली आहे.

शहापूर, खर्डी, कसारा व मुरबाड येथील व्यापारी बंधूंस आमचे विशेष सांगणे आहे. आपण रोजमेळ लिहिता, खतावणी ठेविता, दिवाळीस ताळेबंद काढता. ज्या दुकानात वही नाही, ते दुकान बुडावयास वेळ लागत नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. मग गावाच्या पाण्याची वही कोठे आहे? प्रत्येक विहिरीची पातळी महिन्यातून एकदा मोजून शाळेच्या भिंतीवर लिहिण्यास एक दोरी व एक खडू पुरतो. टँकर किती वाजता आला, किती पाणी ओतून गेला, याची नोंद चावडीवर लावण्यास कायदा आड येत नाही. दवाखान्यात सर्पदंशाची लस किती शिल्लक आहे, हे दर सोमवारी फळ्यावर लिहावे, अशी मागणी करण्यासही मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. या नोंदी दोन वर्षे झाल्या, म्हणजे अभ्यासकास सामग्री मिळेल, अधिकाऱ्यास सबब उरणार नाही, आणि ग्रामसभेत आरडाओरड्याच्या जागी आकडे बोलू लागतील.

या कामास पदवी लागत नाही, नियमितपणा लागतो, आणि तो व्यापारीवर्गापाशी विपुल आहे. येत्या दिवाळीनंतर पाऊस ओसरून विहिरी भरलेल्या असतील. पातळी मोजावयास त्याहून चांगला मुहूर्त नाही. ज्या गावातील बाजारपेठ ही वही सुरू करील, त्या गावाने आपली पहिली चार महिन्यांची नोंद तालुक्याच्या कचेरीस व जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पाठवावी आणि लेखी उत्तर मागावे.