वर्षातून एकदा येणारी ओहोटी

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या खाडीत ओहोटी लागली की तिसऱ्या वेचणाऱ्या बायका चिखलात उतरतात. वाळूत रुतलेला हा जीव अन्नाच्या शोधात भटकत नाही. भरतीच्या पाण्याबरोबर आलेले सूक्ष्म शेवाळ आणि कुजलेल्या पानापाचोळ्याचे कण कल्ल्यांनी गाळून तो पोसला जातो. अंगावर चिखलाचा जाड थर बसला किंवा पाण्याचा खारेपणा फार उतरला, तर त्याची वाढ खुंटते. पाणी ओसरल्याचे मात्र त्याला भय नाही. काही तासांतच ते परत येते.

जुन्नर-आंबेगावला समुद्र नाही, पण ओहोटी आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या ५ धरणांतून कालव्यांना आवर्तने सुटू लागली, की जलाशयांची कड मागे हटते आणि उन्हाळ्यात गाळाची मैदाने उघडी पडतात. हा गाळ किती कसदार आहे, हे डिंभ्याच्या काठी गाळपेर करणाऱ्या विस्थापित आदिवासींना ठाऊक आहे.

दख्खनच्या नद्यांतील गोड्या पाण्याचे शिंपले अशाच मऊ तळात राहतात आणि तिसऱ्यांप्रमाणेच पाणी गाळून जगतात. त्यांचा जन्म मात्र परावलंबी असतो. शिंपल्याची अळी काही काळ माशाच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून राहते आणि मग तळाशी गळून पडते. मासा पात्रात जिथवर चढेल तिथवर शिंपल्याची वस्ती. धरणाची भिंत माशाला अडवते तेव्हा ती शिंपल्यालाही अडवते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय जलाशयाच्या उथळ कडेला वाढणारे शिंपले पाणी झपाट्याने उतरले की कोरड्यावर पडतात. त्यांची चाल अतिशय मंद. झाकण मिटून ते ओल्या गाळात काही काळ तग धरतात; पण ही भरती परतते ती थेट पावसाळ्यात.

शिंपल्यांसाठी शेतकऱ्याचे पाणी तोडावे, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु तेच पाणी शक्य तेथे टप्प्याटप्प्याने उतरवणे आणि डोहांलगतची वाळू न उपसणे, यात पिकाचे काय नुकसान आहे? वाळू गेली की शिंपल्याचे घरच जाते आणि नदीचे पाणी फुकट गाळणारा एक सेवकही जातो. आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत जलाशयातील एखादा मच्छीमार बसला, तर पाणी कोणत्या वेगाने उतरावे, हे तो तक्त्यावाचून सांगू शकेल.