डॉक्टरकीसाठी परदेशी? आधी परतीचा हिशेब मांडा

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगरात शिकवण्यांच्या फलकांशेजारी दुसरे फलक झळकू लागतात. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान. घरात एकदा, कधी दोनदा रिपीट केलेलं लेकरू असतं. लातूरचं विलासराव देशमुख किंवा नांदेडचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय थोडक्या गुणांनी हुकलेलं असतं, आणि खासगी महाविद्यालयाची फी रान विकूनही झेपणारी नसते. 2024 मध्ये देशभरातून 23 लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या आणि त्यातल्या जेमतेम निम्म्या सरकारी. 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांसाठी राखणारा आणि मराठवाड्यातल्या मुलांना जाचक ठरलेला 70:30 चा प्रादेशिक कोटा सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झाला, पण जागा कमी आणि मुलं जास्त हे गणित कायम राहिलं.

म्हणून परदेशाचा विचार करणाऱ्या पालकाला दोष देता येत नाही. मात्र घरात चर्चा होते ती जाण्याच्या खर्चाची. मूल परत आल्यावर त्याला इथे डॉक्टर म्हणून नोंदणी मिळेल का, ही चर्चा त्याआधी व्हायला हवी.

मान्यतेचा दावा तपासा

‘आमचं कॉलेज एनएमसी मान्यताप्राप्त आहे’ असं एजंट सांगू लागला की सावध व्हा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, परदेशातल्या कॉलेजांना मान्यता देत नाही. आयोग अटी ठरवून देतो. कॉलेज त्या अटींत बसतं की नाही हे पाहण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची. 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमावलीनुसार त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांना या अटी लागू आहेत:

- अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा.
- त्याच संस्थेत त्याशिवाय 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. अर्ध्यातून दुसऱ्या कॉलेजात बदली चालत नाही.
- त्या पदवीवर त्या देशातही, तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने, डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळायला हवा.
- प्रवेशापासून 10 वर्षांच्या आत शिक्षण पुरं व्हायला हवं.
- परतल्यावर भारतात आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते.

परदेशात जाण्यासाठीही नीट पात्र असणं सक्तीचं आहे. तो निकाल तीन वर्षं चालतो. ‘नीटशिवाय प्रवेश’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका. फिलिपाइन्सच्या अभ्यासक्रमावरून अनेक घरांची फसगत झाली, कारण तिथला सुरुवातीचा बीएसचा काळ वैद्यकीय शिक्षणात धरला जात नाही आणि नंतरचा एमडी चार वर्षांचाच, म्हणजे 48 महिन्यांचा. मे 2025 मध्ये आयोगाने बेलीझमधल्या तीन आणि उझबेकिस्तानातल्या एका संस्थेबाबत नावानिशी इशारा दिला. अशा सूचना आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. पैसे भरण्याआधी त्या पाहाच.

खरी परीक्षा परतल्यावर

परत आल्यावर नोंदणीसाठी एफएमजीई ही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची परीक्षा द्यावी लागते. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांत. 300 प्रश्नांपैकी 150 बरोबर यावे लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पण जून 2023 मध्ये जेमतेम 10 टक्के उत्तीर्ण झाले आणि पुढच्या दोन परीक्षांत 20 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाचातले चार मागे राहिले. या मुलांचं वय तोवर पंचविशीत पोचलेलं असतं, कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात आणि गावात ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारणारे लोक असतात. तो ताण मूल एकटं सोसतं.

नापास होण्याचं एक मोठं कारण भाषेत आहे. वर्गात इंग्रजी असली तरी रशिया-मध्य आशियातल्या दवाखान्यातला रुग्ण रशियन किंवा तिथली स्थानिक भाषा बोलतो. त्याची तक्रारच कळली नाही तर तपासणी शिकणार कशी? म्हणून पहिल्या वर्षापासून स्थानिक भाषा नेटाने शिका, आणि एफएमजीईची तयारी शेवटच्या वर्षावर ढकलू नका. कॉलेज निवडताना वसतिगृहाच्या फोटोंआधी दोन गोष्टी विचारा: कॉलेजला जोडलेलं रुग्णालय किती खाटांचं आहे, आणि इथून गेलेल्यांपैकी किती जण ही परीक्षा पास झाले? उत्तर एजंटकडून घेऊ नका. तिथे शिकणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना व्हिडिओ कॉल करा.

जोखीम आणि कागदपत्रं

24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवर हल्ला झाला आणि ‘ऑपरेशन गंगा’तून तिथे शिकणाऱ्या हजारो मुलांना मायदेशी आणावं लागलं. त्यात मराठवाड्यातलीही मुलं होती. मे 2024 मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला. म्हणून पोचल्या दिवशी भारतीय दूतावासात नाव नोंदवा आणि परराष्ट्र खात्याचं ‘मदद’ पोर्टल माहीत असू द्या.

दहावीची गुणपत्रिका, जन्मदाखला आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते घरीच पाहा; निघाल्यावर दुरुस्ती अवघड होते. कागदपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण, करून घ्या. फी एजंटच्या हाती रोख देऊ नका. ती बँकेमार्फत थेट विद्यापीठाच्या खात्यात पाठवा आणि पावती जपा. खर्चाच्या वहीत सहा वर्षांची फी, जाण्यायेण्याची तिकिटं आणि व्हिसाचं नूतनीकरण यांच्यासोबत परतल्यावरच्या तयारीचं किमान एक वर्ष आणि इथल्या इंटर्नशिपचं एक वर्षही लिहा.

एवढं मांडूनही गणित बसत असेल आणि मुलाची मेहनतीची खरी तयारी असेल, तर जरूर पाठवा. परदेशात शिकून आलेले चांगले डॉक्टर आज आपल्याच तालुक्यांत सेवा देत आहेत. गणित बसत नसेल तर नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस, फार्मसी हे मानाचे रस्ते इथेच आहेत. पालकांनो, निकालाच्या आठवड्यात कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका. आधी आयोगाची नियमावली लेकरासोबत बसून वाचा, मगच ठरवा.